वजन उचलायचं नाही

परवा पहाटे सायकल घेऊन बाहेर पडले आणि गावाबाहेरच्या वळणावर रस्त्यात ऊस पडलेला दिसला. ट्रॉलीवरून घसरलेली मोळी असावी, पाच-सहा ऊस आडवेतिडवे पसरलेले. मी उतरले, एकेक ऊस उचलून कडेच्या गवतात टाकला. मागून येणारा दूधवाला थांबून म्हणाला, "मॅडम, रसवंती टाकायली का?" मी हसले. हसताना उजवा हात छातीच्या खाली, बरगडीवर गेला होता. तो तिथं आहे हे मला हात काढताना कळलं.

म्हणजे यंदाचा हंगाम सुरू झाला. माजलगावात त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. दिवाळी सरली की हवेत साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास येतो. शेतांच्या कडेला ऊसतोड्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहतात, त्यांच्यासमोर पहाटे तीन दगडांच्या चुली पेटतात. डोक्यावर वाढ्यांचे, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे घेतलेल्या बाया रस्त्याच्या कडेनं चालायला लागतात. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी लावून जातात, आणि त्यांच्यामागे सायकल चालवायची तर नजर सतत खाली, डांबरावर ठेवावी लागते. मला हे सगळं आवडतं. आवडतं आणि त्याची धास्तीही वाटते. दोन हिवाळ्यांपूर्वीचा असाच हंगाम माझ्या अंगात कुठंतरी राहून गेला आहे.

मी इथल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवते. त्या हिवाळ्यात मी चव्वेचाळीस वर्षांची होते. मुलगी शिकायला बाहेरगावी गेलेली. घरात नवरा सुधाकर, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक, आणि माझे वडील, आबा. आबा निवृत्त हेडमास्तर. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले.

त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी आमच्या धरणावर ट्रायथलॉन होती. एकोणीसशे मीटर पोहायचं, लगेच नव्वद किलोमीटर सायकल, लगेच एकवीस किलोमीटर धावायचं, आणि हे सगळं साडेआठ तासांत. अशा शर्यती मोठ्या शहरांत होतात असं आम्ही ऐकून होतो. आदल्या वर्षी ती पहिल्यांदा आमच्या धरणावर झाली तेव्हाच मी नाव दिलं होतं. शर्यतीला तीन आठवडे असताना आबांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. मी नाव काढून घेतलं. त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही. पण दवाखान्यातून घरी आल्यावर, जीभ जरा वळायला लागल्यावर, आबा जे पहिलं पूर्ण वाक्य बोलले ते होतं, "तुझं पोहायचं राहिलं."

पोहायला त्यांनीच शिकवलं होतं मला. लिंबागणेशच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या मोठ्या विहिरीवर आबांच्या आजोबांना पाणी शेंदायची मुभा नव्हती, वरून कुणी ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली आणि त्याच उन्हाळ्यात माझ्या पाठीला रिकामा डबा बांधून मला पाण्यात सोडलं. मी सात वर्षांची होते. काठाच्या दगडाला हात लावला की वरून आवाज यायचा, "काठ सोड. काठ धरला की हात शिकत न्हाईत." गावातल्या बाया बघायला यायच्या. मास्तरांची पोरगी विहिरीत पोहते याचं त्यांना लई नवल.

त्या हिवाळ्यात मी पुन्हा नाव दिलं, आणि डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात सरावात सायकलवरून पडले. धुकं होतं. पुढे नसरीन होती. नसरीन सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आम्ही दोघी दोन वर्षं बरोबर सराव करत होतो. ती मला बाजी म्हणते, म्हणजे थोरली बहीण. तिनं हात वर करून "ऊस" असं सांगितलं, मला ते ऐकूही आलं, पण तोवर माझं पुढचं चाक उसावर चढून फिरलं होतं. हँडलचं टोक उजव्या छातीच्या खाली बसलं आणि मी त्याच्यावर पडले.

श्वास येईना. नसरीन गुडघ्यावर बसली होती, तिचा चेहरा धुक्यात पांढरट दिसत होता. "उठू नका बाजी. आधी श्वास. छोटा. अजून छोटा." मग तिनं दोन बोटांनी माझी उजवी कड, बरगड्यांवरून, दाबत आणली आणि एका जागी मी तिचा हात घट्ट धरला. "बरगडी हाय," ती म्हणाली. "एक न्हाई, दोन असतील."

दोनच होत्या. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरून दाखवला. केसासारख्या दोन रेषा. "याला प्लास्टर नसतं. आपोआप जुळतील. सहा आठवडे पोहणं बंद, सायकल बंद. आणि वजन उचलायचं नाही."

"किती वजन?" मी विचारलं.

"पाण्याची बादलीसुद्धा नाही."

मी मान हलवली. घरी दिवसातून सहा वेळा मी साठ किलोचा माणूस उचलते, हे त्यांना सांगितलं नाही. शर्यतीला साडेपाच आठवडे उरलेत हेही सांगितलं नाही. तब्येत चांगली असल्याचा दाखला मी शर्यतवाल्यांना पंधरा दिवस आधीच पाठवून दिला होता. तेव्हा तो खरा होता.

आबांना उचलायची एक रीत ठरलेली होती. पलंगाच्या कडेला बसवायचं. माझा एक पाय त्यांच्या दोन पायांच्या मध्ये. त्यांचा चांगला हात माझ्या खांद्यावर, माझे दोन्ही हात त्यांच्या काखेखालून पाठीमागे. मग एक, दोन, तीन. तीनला दोघांनी मिळून उठायचं, अर्धं वळायचं, चाकाच्या खुर्चीत बसायचं. खुर्चीतून न्हाणीघरात पुन्हा तेच. उठताना त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर टेकायची आणि तोंड माझ्या कानाशी यायचं. त्यांचा कानही माझ्या तोंडाशी.

सुधाकर का उचलत नाही, असं कुणीही विचारेल. त्यानं पहिल्याच दिवशी हात पुढे केला होता. आबांनी तो घेतला नाही. "जावई हाय तो. त्याच्या अंगावर मी भार टाकणार न्हाई." अठरा वर्षं ते दोघं एकमेकांना सुधाकरराव आणि आबासाहेब म्हणत होते. पाऊस, पेपर आणि कालव्याची पाळी यापलीकडे त्यांचं बोलणं कधी गेलं नव्हतं. ज्या माणसासमोर आबा कधी बनियनवर बसले नाहीत, त्याच्या हातांनी न्हाणीघरात जायचं हे त्यांना जमण्यातलं नव्हतं. बाहेरचा माणूस ठेवून बघितला, तो आठ दिवसांत गेला. आबांनी त्याला शुद्धलेखन सांगायला सुरुवात केली होती. मग मीच उचलत राहिले. शाळेत निघायच्या आधी, मधल्या सुट्टीत घरी येऊन, संध्याकाळी.

म्हणून घरी मी एवढंच सांगितलं की सायकलवरून पडले, कोपर खरचटलं.

त्या आठवड्यांची आठवण आली की आधी आठवतो तो छातीभोवतीचा पट्टा. पंजाबी ड्रेसच्या आत आवळून बांधलेला, दुपारपर्यंत घामानं भिजून कातडीला काचणारा. फळ्यावर वरच्या ओळी लिहायला हात उचलेना, तर मी समीकरणं फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहायला लागले. मागच्या बाकावरच्या मुली म्हणाल्या, मॅडम, दिसत नाही. मी म्हटलं, पुढे येऊन बसा. शिंक येणार असं वाटलं की मी भिंतीला टेकून उभी राहायची आणि शिंक जाईपर्यंत वाट बघायची. झोपायचं पाठीवर, तेही अर्धवट बसून. आणि दिवसातून सहा वेळा एक, दोन, तीन.

दुखणं कसं होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. ते एका जागी थांबून नसायचं. श्वास घेतला की यायचं, सोडला की जायचं, आणि जाताना सांगून जायचं की मी परत येणार आहे. माणूस दिवसात हजारो वेळा श्वास घेतो आणि त्याला पत्ता नसतो. मला प्रत्येक श्वासाचा पत्ता होता.

चौथ्या दिवशी, खुर्चीत बसवल्यावर आबा म्हणाले, "सुजा, तू दोनला श्वास कावून धरायलीस?"

"सर्दी झालीय आबा."

"सर्दीत मानूस नाकात अडतं. तू छातीत अडायलीस."

मी काहीतरी बोलून हसण्यावारी नेलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर त्यांच्या हाका कमी झाल्या. सहाच्या चार झाल्या, चारच्या तीन. मधल्या सुट्टीत मी धावत घरी यायची आणि ते म्हणायचे, "आता न्हाई. जा तू." मला वाटलं, तब्येत सुधारते आहे, ताबा येतो आहे. मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आजही लाज वाटते. गणित शिकवणाऱ्या बाईला एवढा साधा हिशेब सुटला नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी पाण्यात उतरले. नसरीन धरणाच्या काठावर हाताची घडी घालून उभी होती. "मी आधी नर्स हाय बाजी, मग तुमची मैत्रीण. हे बरोबर न्हाई." मी म्हटलं, दहा मिनिटं बघते. तिनं डोक्यावर टोपी चढवली. मग पोहायचा चष्मा डोळ्यावर ओढत म्हणाली, "तुमी उतरणारच असाल तर मी बाजूला पोहणार. पण तुमच्या घरी कुणी मला विचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई. एवढं ध्यानात ठेवा."

पाणी गार होतं. गारव्यानं कड बधिर झाली आणि मला खोटी आशा लागली. उजवा हात पुढे टाकला की बरगड्या फाकायच्या, तिथं कुणी बोट घालतंय असं वाटायचं. मी फक्त डावीकडे श्वास घ्यायला शिकले. त्या वयात, तीन आठवड्यांत.

का करत होते मी हे? लोक विचारतात तेव्हा मी वेगवेगळी उत्तरं देते. खरं उत्तर असं की पहाटेचे ते दोन तास सोडले तर त्या वर्षात माझं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. शाळा मुलांची, घर सगळ्यांचं, हात-पाठ आबांची. पाण्यात मी कुणाची कुणी नसायची. आणि एकदा काढून घेतलेलं नाव पुन्हा काढून घेतलं की मग ते कायमचंच, हेही मला माहीत होतं.

शर्यत रविवारी होती. बुधवारी शाळेतून आले तर आबा थरथरत होते. अंग भाजत होतं. मी नसरीनला फोन केला, ती ड्यूटी संपवून तशीच आली. तिनं ताप बघितला, मग आबांच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली, खाली बसायला वेळ लागला. तिनं त्यांना जीभ दाखवायला सांगितली.

"आबा, दिवसभरात पाणी किती पिता?"

"पितो की."

ती पलंगाशेजारच्या स्टुलाकडे वळली. सकाळी सातला मी भरून ठेवलेला तांब्या काठोकाठ भरलेला होता. त्यावरचं फुलपात्र पालथं, कोरडं.

"आबा, सकाळपासून?" मी म्हटलं.

ते खिडकीकडे बघत होते. मी पुन्हा विचारलं, "कावून आबा?"

"पाणी पिलं की उठवावं लागतं," ते म्हणाले. "उठवलं की तुझी कळ माझ्या कानात येती."

दारात सुधाकर उभा होता, हातात हेल्मेट. तो कधी आला ते आम्हाला कळलं नव्हतं. "कसली कळ?" त्यानं विचारलं. मला नाही, नसरीनला विचारलं. आणि नसरीननं सांगितलं. किती तारखेला पडले, किती बरगड्या, डॉक्टर काय म्हणाले, सगळं. तिनं आवाज चढवला नाही की माझ्याकडे बघितलं नाही. ऐकून झाल्यावर सुधाकरनं हेल्मेट खाली ठेवलं.

मी म्हणाले, "मी रविवारी जात नाही."

"जायचं," आबा म्हणाले. ताप एकशे तीन होता, पण आवाज हेडमास्तरांचा निघाला. "मागच्या साली माझ्यापायी राहिलं. दुसऱ्यांदा माझ्या नावावर टाकू नको."

"मग पाणी प्या."

"पितो. उचलणार कोण?"

"मी," सुधाकर म्हणाला.

"तुमी जावई हाव आमचे, सुधाकरराव."

"हाव. मग?"

"ते बरं दिसत न्हाई."

"कुणाला?"

सुधाकर पलंगाच्या कडेला बसला, फुलपात्र सुलटं केलं, भरलं आणि त्यांच्यासमोर धरलं. त्यानं ते इतका वेळ धरलं की पाणी हलायला लागलं. नसरीन तापाची पट्टी पिळत होती, तिचे हात थांबले. मग आबांनी चांगला हात पुढे केला आणि पाणी प्यायलं. एक, मग दुसरं.

तासाभरानं सुधाकरनं त्यांना उचललं. मी दाराशी होते. तो दोन म्हणतानाच उठला, आबांचा पाय वेळेवर आला नाही, दोघंही पलंगावर आपटता आपटता राहिले. सगळा वेळ आबांनी डोळे मिटून घेतले होते. खुर्चीत बसल्यावरही उघडले नाहीत. मी आत जायला निघाले तर नसरीननं माझं मनगट धरलं.

औषध लागू पडलं. शुक्रवारी ताप उतरायला लागला, शनिवारी कणकण उरली, रविवारी पहाटे कपाळ गार होतं. तीन दिवस घरात कामापुरतंच बोलणं होतं. सुधाकर माझ्याशी चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. निघताना तो फाटकापर्यंत आला. "तुझ्याजवळ फोन नसणार. मी घर सोडणार न्हाई. रस्त्यात कुठं मी दिसलो तर समज की काहीतरी झालंय. दिसलो न्हाई तर सगळं ठीक हाय."

आबा जागे होते. मी पाया पडायला वाकले आणि कळेनं अर्ध्यावरच थांबले. त्यांनी बघितलं. "जा," एवढंच म्हणाले.

सात वाजता शंभर-सव्वाशे माणसं पाण्यात उतरली. पहिल्या दोनशे मीटरमध्ये कुणाची तरी टाच माझ्या कडेला लागली आणि माझ्या डोळ्यांसमोर पाणी पांढरं झालं. श्वास आत जाईना. डावीकडे तोंड वळवलं तर लाट तोंडात आली. मी हात वर केला.

धरणातले मासेमार त्या दिवशी होड्या घेऊन मदतीला उभे होते. एक होडी जवळ आली. वयस्कर माणूस होता, डोक्याला मफलर. "ताई, वर काढू का?"

वर काढलं की शर्यत संपली. होडीची दोरी धरून थांबायला मात्र परवानगी होती. मी दोरी धरली. "थांबा, थांबा," एवढंच बोलता आलं.

"थांबलोच हाय मी," तो म्हणाला. "घ्या दम. मला कुठं जायाचं न्हाई."

किती वेळ गेला, ठाऊक नाही. माझ्या पुढच्या टोप्या लहान लहान होत गेल्या. माझ्या मनात आबांचा तापलेला हात होता, हलणारं फुलपात्र होतं. परत जावं, असं अगदी स्पष्ट वाटलं. ते वाटणं थांबायची मी वाट बघितली, ते थांबलं नाही. तरी मी दोरी सोडली. त्या माणसानं वल्ह्यानं होडी मागे घेतली आणि तो शेवटपर्यंत दहा हातांवरून माझ्यासोबत येत राहिला.

सायकलचा रस्ता गेवराईच्या दिशेनं जाऊन परत यायचा, दोन फेऱ्या. एक बाजू शर्यतीसाठी मोकळी ठेवली होती, दुसऱ्या बाजूनं उसाच्या गाड्या चालल्या होत्या. गतिरोधक आला की मी दातात दात धरायची. पुढे वाकून बसता येत नव्हतं, म्हणून ताठ बसून वारा सगळा छातीवर घेतला. आणि प्रत्येक चौकात, प्रत्येक पुलावर, मी माणसांत सुधाकरला शोधत होते. त्याच्यासारखा निळा शर्ट दिसला की तो दुसराच कुणी ठरेपर्यंत मी नजर काढत नव्हते. नसरीन परतीच्या वाटेवर समोरून आली, माझ्यापेक्षा दहा-बारा किलोमीटर पुढे. जाताना तिनं छातीवर हात ठेवून बोटं हळूहळू उघडली-मिटली. श्वास, असं सांगत होती.

धावायला लागले तेव्हा ऊन चढलं होतं. कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता, सावली नाही. कालव्यात पाणी सोडलेलं, शांत, मचूळ वासाचं. मी दोनशे पावलं धावायची, शंभर चालायची. मग शंभर आणि शंभर. उजवा हात कोपरात वाकवून कडेला दाबून धरलेला. बारा किलोमीटर झाले, चौदा झाले, सुधाकर कुठं दिसला नाही, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आज सगळं ठीक होणार.

सोळाव्या किलोमीटरला, कालव्याच्या दारापाशी, त्याची मोटारसायकल उभी होती.

मी धावत होते ते थांबलेच. तो माझ्याकडे चालत आला. मला काही विचारायचं नव्हतं, ऐकायचं नव्हतं. जवळ येता येताच त्यानं हात वर केला. "आबा बरे हायत. ऐक. बरे हायत. शेजारच्या काकू बसल्यात त्यांच्यापाशी. त्यांनीच मला धाडलं."

मी कालव्याच्या दगडावर बसले. छाती भात्यासारखी हलत होती आणि प्रत्येक हलण्याला कळ होती. "पाणी?"

"सकाळपासून दीड तांब्या. दोनदा उचललं."

"मग कावून धाडलं?"

सुधाकर उन्हात डोळे बारीक करून उभा होता. निरोप जसाच्या तसा सांगायची त्याची सवय आहे, खात्यातली. "म्हणाले, तिला सांगा, थांबायचं असंल तर थांब. मी सकाळी नुसतं जा म्हणलो. थांबलीस तरी चालंल, हे म्हणायचं राहिलं."

उरलेलं अंतर पाच किलोमीटर, वेळ पंचावन्न मिनिटं. मी तिथं बसून राहिले. लहानपणापासून ज्या माणसानं काठ धरू दिला नाही, त्यानं धरायला सांगितलं होतं. मला राग आला, रडू आलं, आणि त्यामागोमाग एकदम मोकळं वाटलं. आता त्यांच्यासाठी धावायचं नव्हतं. त्यांच्यामुळं राहिलं असंही म्हणायचं नव्हतं. उरली फक्त मी आणि माझ्या दोन बरगड्या. त्या थांब म्हणत होत्या. त्यांचं चुकीचं नव्हतं.

"तुमी काय म्हणता?" मी सुधाकरला विचारलं.

त्यानं घड्याळ बघितलं. "मी घरी जातो. तीन वाजता त्यांना उचलायचंय."

त्यानं गाडीला किक मारली आणि मागे न बघता गेला. धूळ खाली बसेपर्यंत मी बसले होते. मग उठले. मला जायचं होतं, म्हणून गेले. याहून मोठं कारण त्यात नव्हतं.

शेवटची रेघ ओलांडली तेव्हा वेळ संपायला चार मिनिटं होती. नसरीन तासाभरापूर्वीच पोचली होती. ती धावत आली आणि एक हात अंतरावर थबकली, कारण मिठी मारता येणार नव्हती. तिनं माझे दोन्ही कान हातात धरले आणि कपाळाला कपाळ लावलं.

दुसऱ्या दिवशीच्या फोटोत एका बरगडीची रेघ रुंद झालेली होती, टोक जागचं हललं होतं. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी फक्त चष्मा काढून ठेवला. तीन महिने काही उचलायचं नाही. यावेळी सुधाकर बरोबर होता, त्यानं ते लिहून घेतलं.

शाळेत माझा सत्कार झाला. जिद्द, चिकाटी, मुलींसाठी आदर्श असं बरंच बोललं गेलं. मी खाली बघत होते. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी पोहण्याबद्दल बोलले, होडीवाल्या काकांबद्दल बोलले. भरलेल्या तांब्याचा भाग गाळला. अजूनही गाळते. दुखणं सोसलं म्हणून कुणी माझं कौतुक केलं की मला तो तापलेला हात आठवतो. माझं दुखणं सोसायला घरात आणखी एक माणूस होता, आणि त्यानं ते तहानेनं सोसलं होतं. हे माहीत असतं तर मी उतरले असते का? बुधवारी तर माहीत झालंच होतं, आणि रविवारी मी उतरले. या प्रश्नाशी मी येऊन थांबते आणि पुढे जाता येत नाही.

पहिले काही दिवस वाईट गेले. सुधाकर उचलायचा, आबा डोळे मिटायचे. मी दुसऱ्या खोलीत हात चोळत बसायची. एकदा आतून आबांचा आवाज आला, "दोनला न्हाई, तीनला." मग सुधाकरचा, "तुमच्या तीनला लई वेळ लागतो." मग खुर्चीची चाकं. फेब्रुवारीत त्यांनी मोजणं सोडून दिलं. सुधाकर नुसतं "हं" म्हणायचा आणि दोघं उठायचे. कालव्याची पाळी कुणाला कधी मिळाली यावर आबा त्याची उलटतपासणी घ्यायला लागले. एका रविवारी अंगणात त्यानं त्यांची दाढी केली, आणि आबा बनियनवर बसले होते.

मार्चच्या सुरुवातीची गोष्ट. माझी साडेपाचची जाग सुटली नव्हती. बाहेर जायचं नाही, उचलायचं नाही, तरी डोळे उघडायचे. खिडकीतून लिंबाच्या मोहराचा वास येत होता. आतल्या खोलीतून आबा खाकरले. मी कोपरावर उठायला लागले.

"सुधाकर," त्यांनी हाक मारली. जरा थांबून पुन्हा, "ए सुधाकर, ऊठ की रे."

शेजारी सुधाकर उठून बसला, चपला चाचपडत गेला. आतून "हं" ऐकू आलं. मी पुन्हा उशीवर डोकं टेकलं. मला कुणी हाक मारली नव्हती, आणि उजाडायला अजून वेळ होता.